बस्त्यातलं बहुमत

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न औरंगपुऱ्यातल्या एका कापडाच्या दुकानात मोडता मोडता राहिलं. मोडायला निघालेली बाई मीच होते.

तसा दोष माझा नाही. (ऋतुजाच्या पप्पांना विचाराल तर सगळा माझाच आहे, पण त्यांना कोण विचारतंय!) दोष त्या मालिकेचा. 'दालन क्रमांक सहा' नावाची ती मालिका रोज संध्याकाळी आठला लागायची. मंत्री, त्यांचे रुसवे, फायली, दौरे, पाडापाडी. त्याआधी मी सासू-सुनांच्या मालिका बघायचे. तिथं बायका वर्षभर एकमेकींच्या दुधात काहीबाही कालवतात आणि ते दूध पिणारं एकही माणूस मरत नाही. इथं पहिल्याच भागात एक मंत्री नुसतं "बघू" म्हणाला आणि दुसऱ्या भागात सरकार गडगडलं! म्हटलं, बाई गं, याला म्हणतात कथा.

मग काय, लागलाच नाद. आठच्या ठोक्याला घरात पोळ्या बंद. कुणी दारावर आलं तर पप्पांनी बाहेरच्या बाहेर बोळवायचं. ते एकदा म्हणाले, "अगं, बातम्यांत हेच तर दाखवतात दिवसभर. तेच बघ की फुकट." पण खऱ्या राजकारणात बघण्यासारखं काय आहे, मला सांगा? आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते कधी येणार हे विचारायला कचेरीत जावं तर साहेब मीटिंगला. साहेब सापडले तर फाईल मीटिंगला! मालिकेत एक म्हातारा सकाळी अर्ज घेऊन दारात उभा राहतो आणि जाहिराती संपेपर्यंत त्याच्या अर्जावर सही होऊन येते. खरे पुढारी पक्ष बदलतात तेव्हा कालचा कुठं होता आणि आजचा कुठं आहे, याची वही ठेवावी लागेल. मालिकेतला माणूस पक्ष बदलण्याआधी निदान खिडकीपाशी जाऊन दोन मिनिटं उदास उभा तरी राहतो. तेवढी तरी लाज आहे! मला ती लाज बघायला फार आवडायची.

आणि त्यातले मुख्यमंत्री, बापूसाहेब! पांढऱ्या मिशा, मांडीवर शाल, हातात चहाची बशी. समोरचा माणूस अर्धा तास ओरडतो, बापूसाहेब नुसती बशी फुंकत बसतात. शेवटी समोरचाच घामाघूम होऊन राजीनामा लिहून देतो. त्यांचं एकच तत्त्व. जो आधी बोलतो, तो आधी हरतो. हे ऐकून माझे तर डोळेच उघडले. तीस वर्षांच्या संसारात मी एकदाही जिंकले नव्हते, त्याचं कारण हे! मी सतत बोलतच होते.

"अहो, मी आता बापूसाहेबांसारखं गप्प बसायचं ठरवलंय," मी पप्पांना सांगितलं.

"कधीपासून?" त्यांनी इतक्या आशेनं विचारलं की मला राग आला आणि पुढचा पाऊण तास मी त्यांना ते सविस्तर समजावून सांगितलं.

अशात ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा जालन्याचा, अक्षय त्याचं नाव, तिथंच एका कारखान्यात इंजिनिअर. पोरगा साधा, हसरा. ऋतुजाला तर तो असा काही आवडला होता की त्याचा फोन आला की ही मोबाईल घेऊन गच्चीवर, आणि वाळत घातलेल्या पापडांवर पाय देऊन खाली. साखरपुडा झाला आणि बस्त्याचा दिवस ठरला.

ज्यांच्याकडं ही पद्धत नाही त्यांना सांगते. बस्ता म्हणजे दोन्ही घरची माणसं एकाच दुकानात, पांढऱ्या गादीवर समोरासमोर बसून लग्नाचं झाडून सगळं कापड एका दिवसात घेतात. नवरीचा शालू, नवरदेवाचा कोट, आज्यांची लुगडी, आत्यांच्या साड्या, मामांचे फेटे. साखरपुड्यात रुसायचा राहून गेलेला माणूस बस्त्यात हमखास रुसतो. माझ्या चुलत बहिणीची सोयरीक बस्त्यातच मोडली होती. मुलाच्या आत्याच्या साडीचा काठ मुलीच्या मावशीच्या काठापेक्षा दोन बोटं कमी भरला, एवढ्यावरून! ती आत्या अजून कुठल्याही लग्नात भेटली की दोन बोटं वर करून दाखवते.

म्हणून ऋतुजा आदल्या दिवशी माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "मम्मी, तुझ्या पाया पडते. उद्या काही घोळ घालू नको. मला हाच मुलगा पाहिजे."

"मी कशाला घोळ घालू? मी तर तोंडच उघडणार नाही."

हे ऐकून तिला धीर यायला हवा होता. ती पांढरीफटक पडली. आईला लेक बरोबर ओळखते.

त्याच संध्याकाळी मी घरच्या माणसांची बैठक बोलावली. चौदा जण जाणार होतो, म्हणजे चौदा जणांना खाती हवीत. जाऊबाईंना, कमलला, साड्या दिल्या. पप्पांना पाण्याच्या बाटल्या. धाकट्या दिरांना, वसंताला, 'वरपक्ष संपर्क' असं भारदस्त खातं दिलं, कारण त्यांचा आवाज जाड आहे. (आवाज जाड असला की माणूस जबाबदार वाटतो. पुष्कळांची मंत्रिपदं यावरच चालतात.) शेवटी उरला माझा धाकटा भाऊ दिगंबर. तो मुकुंदवाडीहून खास बैठकीसाठी आला होता.

"दिगू, तुझ्याकडं पार्किंग."

"काय?"

"पार्किंग खातं. औरंगपुऱ्यात गाडी लावायला बोटभर जागा मिळत नाही. लई जबाबदारीचं काम आहे."

"अक्का, मी नवरीचा मामा हाय. नवरीला बोहल्यापाशी मी आणणार. अन् बस्त्यात मी गाड्या लावू?"

"पक्षाचा आदेश आहे."

"कुणाच्या पक्षाचा?"

"माझ्या."

दिगूनं अर्धा कप चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि गेला. कमल म्हणाली, "ताई, दिगूभाऊ रुसले वाटतं." मी म्हटलं, "नाराज गट सगळीकडं असतो, लक्ष द्यायचं नाही." बापूसाहेबही कधी लक्ष देत नसत. (त्यांचं सरकार याच कारणानं दोनदा पडलं होतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.)

मग मी शेवटचा आणि सगळ्यात कडक आदेश काढला. "दुकानात कुणीही, काहीही आवडलं असं म्हणायचं नाही. आपल्या मनात काय आहे हे त्यांना कळलं की संपलं. त्यांनी 'कसं वाटतं' विचारलं, की आपण म्हणायचं, 'बघू'."

"आणि खरंच आवडलं तर?" कमलनं विचारलं.

"तर आणखी कोरड्या तोंडानं म्हणायचं, 'बघू'."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही चौदा आणि जालन्याचे सोळा, असे तीस जण गादीवर स्थानापन्न झालो. म्हणजे आमचे खरं तर तेराच. दिगू जीप घेऊन जागा शोधत औरंगपुऱ्याला प्रदक्षिणा घालत होता. आधी देवाचं वस्त्र निघालं, त्याला हळदकुंकू लागलं. तिथवर सगळं सुरळीत झालं, कारण देवाला कुणी 'कसं वाटतं' विचारत नाही.

मग दुकानातल्या सलीमभाईंनी पहिलाच शालू उलगडला. हिरवागार, अंगभर बारीक बुट्टी, पदर तर असा की बघत राहावं. ऋतुजाचा हात आपोआप त्याच्याकडं गेला. मी खाकरले. तिनं हात मागं घेतला.

"काय विहीणबाई, कसा वाटतोय?" मुलाच्या काकांनी हसून विचारलं. हे काका म्हणजे त्यांच्याकडचे कर्ते, मिशा बापूसाहेबांपेक्षा जाड.

"बघू," मी म्हणाले.

काकांनी आपल्या भावजयीकडं, म्हणजे माझ्या विहिणीकडं, सुमनताईंकडं पाहिलं. सुमनताई छताकडं बघत म्हणाल्या, "बघू."

मी चपापलेच. पण माघार घ्यायची नाही! दुसरा शालू निघाला. कमल म्हणाली, "बघू." त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, "बघू." तिसरा, चौथा, दहावा. मोरपंखी, जांभळा, डाळिंबी. कपाटं रिकामी व्हायला लागली. बारा वाजले, चहा आला. साडेबारा वाजले, पुन्हा चहा आला. समोर साड्यांचा ढीग एवढा उंच झाला की पलीकडच्या आत्याबाईंचा नुसता अंबाडा दिसत होता, आणि मधूनमधून त्या अंबाड्यामागून "बघू" असा आवाज येत होता.

शेवटी सलीमभाईंनी हात टेकले. "बाजी, दो घंटे से खोलरा हूँ! नक्को है तो नक्को बोलो, होना है तो होना बोलो. ये बघू-बघू क्या लगा के रखे आप लोगां!"

मी नुसती गालात हसले. वाटलं, दुकानदार फुटला, आता पाच मिनिटांत समोरचेही फुटणार. मध्ये एकदा दिगू आत डोकावून गेला, तेव्हाही मी त्याला नजरेनंच बाहेर पिटाळलं. गाडीकडं कोण बघणार?

समोरचे फुटले, पण भलतीकडूनच. काकांनी सदरा सारखा केला आणि आमच्या वसंताभावजींना विचारलं, "पाहुणे, आता सरळच विचारतो. तुम्हाला दुकान पसंत नाय का सोयरीकच पसंत नाय?"

वरपक्ष संपर्क खातं वसंताभावजींकडं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, छाती भरून घेतली आणि त्या जाड आवाजात म्हणाले, "बघू!"

सलीमभाईंनी हातातली साडी तशीच खाली ठेवली.

"बघू?" काका उभे राहिले. "साखरपुडा झाला, पत्रिका छापायला टाकल्या, अन् सोयरीक पसंत हाय का म्हणलं तर बघू? उठा रे! कुणी बसायचं नाय इथं!"

जालन्याची माणसं चपला शोधायला लागली. पप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "अगं बोल काहीतरी!" तीस वर्षांत हे वाक्य त्या माणसानं पहिल्यांदाच उच्चारलं. आणि खरं सांगते, माझ्या ओठावर आलंही होतं. पण डोक्यात बापूसाहेब बशी फुंकत बसलेले! मी ओठ मिटले आणि ऋतुजाकडं पाहिलं, तर तिची जागा रिकामी.

अक्षयची जागाही रिकामी.

"ऋतू कुठं गेली?" कुणालाच माहीत नाही. माझ्या दोन्ही नणंदा नव्हत्या. करवल्या नव्हत्या. जालन्याची नव्वदीची आजी, जिला दोघांनी धरून आणलं होतं, तीसुद्धा नव्हती! मी दिगूला फोन लावला. गाडी त्याच्याकडं. फोन बंद.

"नॉट रिचेबल!" कमल ओरडली. तीही मालिका बघायचीच.

"पळून गेली पोरं," अंबाड्यामागून आवाज आला.

"ठरलेलं लग्न सोडून कशाला पळतील?" पप्पा म्हणाले.

"तुमच्या घरची माणसं बघून," काका म्हणाले.

ते माझ्या काळजाला जाऊन लागलं. कारण खरं होतं. माझी पोरगी हात जोडून सांगत होती, मम्मी घोळ घालू नको, आणि मी तिच्या लग्नाचं दालन क्रमांक सहा करून ठेवलं होतं. दोन बोटं वर करणारी ती आत्या डोळ्यापुढं आली. माझी ऋतू आता कुणाच्या लग्नात कुणाला काय दाखवत फिरणार? मला एकदम हुंदका फुटला आणि समोर जे कापड होतं त्यात तोंड घालून मी रडायला लागले. तो नेमका पहिला हिरवा शालू होता. सलीमभाई धावतच आले. "बाजी, रोना है तो सूती पे रोओ! ये रेशम है!" त्यांनी शालू हळूच ओढून घेतला आणि माझ्या हातात एक साधा टॉवेल दिला.

"सुमनताई," मी टॉवेलातून म्हणाले, "हा शालू मला पहिल्या मिनिटाला आवडला होता हो. मुलगा आवडलाय, तुम्ही आवडलात, सगळंच आवडलंय. मी आपली उगीच गप्प बसले होते."

सुमनताईंनी छतावरची नजर पहिल्यांदा खाली आणली. "अहो मग बोलायचं की! मला पण तोच आवडला होता. मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते. म्हणलं, जो आधी बोलतो..."

"...तो आधी हरतो!" मी वाक्य पुरं केलं.

मी तोंडावरचा टॉवेल बाजूला केला.

"तुम्ही पण?"

"एक भाग चुकवला नाय," सुमनताई म्हणाल्या. "लाईट गेली तर शेजारणीच्या घरी जाऊन बघते. तिच्याशी बोलणं नाय, तरी जाते."

काकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आमच्या वहिनीनं पण आम्हाला कालच सांगून ठेवलं, कुणी काही बोलायचं नाय. मला वाटलं, पद्धत असंल!"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून खो खो हसण्याचा आवाज आला. त्यात एक हसणं माझ्या ओळखीचं होतं. ते हसणं आमच्या गच्चीवरून रोज संध्याकाळी ऐकू यायचं. आम्ही सगळे जिन्याकडं धावलो. काका सगळ्यात पुढं, एका पायात चप्पल.

वर बघतो तर काय! गादीच्या मधोमध दिगू मांडी घालून बसलेला. एका बाजूला जालन्याची आजी मऊ भजी चघळतेय, दुसऱ्या बाजूला ऋतुजा आणि अक्षय, दोघांच्या मध्ये भज्यांचा कागद. माझ्या नणंदा आपापल्या साड्या खांद्यावर टाकून आरशापुढं. आणि भिंतीला लागून बांधलेल्या गठ्ठ्यांची ओळ, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

"दिगू! हे काय आहे?"

"बस्ता, अक्का. झाला बांधून."

"कुणाला विचारून?"

"नवरीला. नवरदेवाला. अन् आजीला. आणखी कुणाला विचारायचं असतंय?"

"अरे पण फोन का बंद?"

"गाडीतच ऱ्हायला. जागा मिळंना म्हणून तासभर फिरलो, फोनची बॅटरी गेली. आत येऊन बघतो तर तुमचं आपलं बघू-बघू चाललेलं, अन् पोरगी रडकुंडीला आलेली. तिला म्हणलं, चल वर. ती निघाली तर जावई मागं निघाले. जावई निघाले तर आजी म्हणाली, मला पण उचला."

काका अजून रागातच होते. आजीनं त्यांना बोटानं जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि स्वतः निवडलेला केशरी फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला. "गप ऱ्हा. लई बरा दिसतो," ती म्हणाली. काका आरशात डोकावले, मिशीवरून हात फिरवला आणि शांत झाले. मोठमोठे नाराज नेते कशानं शांत होतात, हे त्या दिवशी मला फार जवळून बघायला मिळालं.

"आणि शालू?" मी भीत भीत विचारलं.

ऋतुजानं मांडीवरचा गठ्ठा उघडला. तोच हिरवा! त्याच ताग्यातला दुसरा वरच्या कपाटात होता. सुमनताईंनी पदर हातात घेतला आणि लगेच, अगदी एका श्वासात म्हणाल्या, "छान आहे!" मीही म्हणाले, "छान आहे!" कोण आधी बोललं यावर आम्ही दोघींनी वाद घातला नाही.

मग मी दिगूकडं गेले. त्याच्या गठ्ठ्यावर 'मामा' अशी चिठ्ठी होती, त्यात धोतरजोडा आणि फेटा. "चुकलं रे माझं," मी म्हणाले. ते म्हणताना मला पुन्हा रडू आलं, कारण तो वर नसता तर खाली त्या दिवशी आमच्या घराचं नाक कापलं गेलं असतं.

"असू दे गं," दिगू म्हणाला. "तू खाली सगळ्यांना गुंतवून ठेवलंस म्हणून वर निवांत झालं. नाय तर तू प्रत्येक साडीला नाव ठेवलं असतंस."

निघताना ऋतुजानं एक गठ्ठा माझ्या हातात दिला. "ही तुझी, मम्मी. आम्ही सगळ्यांनी मिळून घेतली. तुला विचारलं नाही."

मी उघडून बघितली. गर्द जांभळी, बारीक सोनेरी काठ. मी आजवर स्वतःच्या पसंतीनं विटकरी आणि राखाडी साड्याच घेत आले. अशी साडी मी कधी हातातसुद्धा धरली नव्हती. लग्नात ती नेसले, तर पप्पा दोनदा मागं वळून बघायला लागले. दुसऱ्यांदा मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. चांगली दिसतेस."

सरकार पडल्यामुळं जनतेचं खरोखर भलं झालेलं आपल्या राज्यात मी आजवर एकदाच बघितलं. ते सरकार माझं होतं.